दुसऱ्या मजल्यावरची अकरा दारं

डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. परक्या गावातली. दुपारची वेळ आहे, जेवण अंगावर आलंय आणि तुम्ही कॉटवर पडला आहात. दगडी भिंती जाड, खिडकी लहान, त्यामुळे भर दुपारीही ट्यूबलाइट चालू आहे. एकाएकी ती विझते. लागते. विझते. पुन्हा लागते. काय कराल?

दर शनिवारी माझ्याकडे गोष्ट ऐकायला येणाऱ्या मुलांना मी हे विचारलं, तेव्हा ओजस म्हणाला, "काही नाही, आजी. लाइटवाल्यांना नावं ठेवणार आणि कूस बदलणार."

मीही तेच केलं असतं. पण माझ्या गोष्टीतले लोक उठून बसले, आणि उठले म्हणून वाचले. ही गोष्ट मी याआधी एकदाच सांगितली आहे, सव्वीस वर्षांपूर्वी, भरल्या सभेत. तेव्हा ती सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

मी साताऱ्यात, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होते. आमच्या शाळेचा एक नियम होता: हातांनी खुणा करायच्या नाहीत, तोंडाने बोलायचं. मुलांनी हात उचलले की आम्ही म्हणायचो, "हात खाली." मग मी माझं बोट माझ्या ओठांवर टेकवायचे आणि तिथून मुलाकडे न्यायचे. म्हणजे, तोंडाने सांग. दिवसातून शंभर वेळा ही खूण करायचे. खुणा बंद करणारी माझी ही एक खूण मला कधी खटकली नाही.

त्या वर्षी अशा मुलांना शिकवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्याकडे भरायची होती. सात देशांतले पाहुणे येणार होते, आणि त्यातले निम्मेअधिक स्वतःच ऐकू न येणारे होते. जागा निवडायचं काम आमचे चिटणीस सबनीस सर आणि मी, असं दोघांवर आलं. पुण्यातलं एक हॉटेल आम्ही आधीच पाहिलं होतं. सरांना ते आवडलं होतं. मी नको म्हटलं.

"अहो बाई, स्टेशनजवळ आहे, प्रत्येक खोलीत फोन आहे, दारावरची बेल दाबली की आत दिवासुद्धा लागतो. आणखी काय हवं?"

"सर, दाराबाहेर पाऊल टाकलं की मोठा रस्ता. आपल्या पाहुण्यांना हॉर्न ऐकू येणार आहेत का? एखादा ट्रकखाली आला तर?"

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," सर म्हणाले. मला माझाच अभिमान वाटला.

म्हणून फेब्रुवारीत आम्ही पाचगणीला एक निवासी शाळा पाहायला गेलो. उन्हाळ्याच्या सुटीत तिची मुलं घरी जायची आणि वसतिगृह रिकामं असायचं. सोबत मी जरीनाला घेतलं होतं. जरीना मुजावर, दहा वर्षांची, वाईच्या एका बेकरीत काम करणाऱ्याची मुलगी. परिषदेच्या शेवटच्या दिवशी ती स्टेजवर तोंडाने कविता म्हणणार होती. सहा वर्षं मी तिच्या एकेका अक्षरावर मेहनत घेतली होती. स्टेज आधी पाहिलं तर बुजणार नाही, म्हणून तिला नेलं.

वसतिगृहाचे रेक्टर जगदाळे म्हणून होते. आम्ही येणार म्हणून त्यांनी दिवसाढवळ्या सगळे दिवे लावून ठेवले होते.

परदेशातल्या मुख्य कार्यालयाने जागेच्या सुरक्षिततेचा एक तक्ता पाठवला होता. सबनीस सर प्रश्न वाचत आणि मी उत्तर पाहून तक्त्यावर खूण करी.

"दवाखाना किती लांब?"

"चालत दहा मिनिटं," जगदाळे म्हणाले. "पळत पाच. उताराला लोळत गेलात तर दोनच."

"बाहेर पडायला दुसरी वाट?"

"मागं जिना आहे की. अरुंद आहे, पण आहे."

मी मागचा जिना उतरून पाहिला, मग खूण केली. पिण्याच्या पाण्याची टाकी उघडायला लावून आत वाकून पाहिली. मी अशीच होते. न पाहता सही करणारी बाई नव्हते.

"प्रश्न नववा," सर म्हणाले. "धोक्याची सूचना राहणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचते का?"

"विजेची घंटा आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहे का म्हणजे? बाई, आमची घंटा वाजली की खाली बाजारातला पाववाला उठून बसतोय."

"तुम्ही वाजवा. मी ऐकून येते."

मी दुसऱ्या मजल्यावर गेले, अगदी टोकाच्या न्हाणीघरात. दार लावलं. तेवढ्याने समाधान होईना म्हणून नळ पूर्ण सोडला आणि बादलीत पाणी पडू दिलं. घंटा वाजली. पाण्याच्या आवाजातूनही स्वच्छ ऐकू आली. मग मी स्वयंपाकघरामागे गेले, गच्चीवर गेले, पलंगावर उशी कानावर घेऊन पडले. सगळीकडे ऐकू येत होती.

"सर, नळ चालू असतानासुद्धा ऐकू येते," मी धापा टाकत सांगितलं.

"ओगलेबाई, तुमच्यासारखी तपासणी दुसरं कोणी करत नसेल."

शेवटची एकदा म्हणून जगदाळ्यांनी दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापाशी, आमच्या डोक्यावरच घंटा वाजवली. आम्ही तिघांनी दचकून कानांवर हात ठेवले आणि हसायला लागलो. जरीना एकदा सरांकडे, एकदा जगदाळ्यांकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिली. तिचे हात उठले. कानाकडे बोट, घंटेकडे बोट, मग स्वतःकडे, आणि मग दोन्ही तळवे उघडे.

"हात खाली," मी म्हटलं आणि माझी खूण केली, ओठांपासून तिच्यापर्यंत.

तिने ओठ जुळवले. "बाई... मला... कसं?"

उच्चार छान होता. मी तिच्या गालावर हात फिरवला आणि ती माझे ओठ वाचेल अशा बेताने सावकाश म्हटलं, "मी आहे ना."

ती भिंतीशी गेली. तिथे त्या मजल्याच्या दिव्यांचा मोठा खटका होता, लोखंडी दांड्याचा. तिने टाचा उंचावून दांडा खाली ओढला. सगळा मजला काळोखला. वर ढकलला, उजेड. खाली, वर, खाली, वर. आणि दर वेळी माझ्याकडे पाहत होती.

"अगं ए पोरी, बल्ब उडतील!" जगदाळे धावले.

मी तिचा हात दांड्यावरून काढला. पाहुणे म्हणून गेलेल्या ठिकाणी असा खोडसाळपणा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक झाली म्हण," मी म्हटलं. तिने मान हलवली, नाही. मी पुन्हा खूण केली. शेवटी म्हणाली, पण झ नीट आला नाही, म्हणून मी परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा आला. "चूक झाली." अगदी स्पष्ट. जगदाळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

नवव्या प्रश्नापुढे मी "होय" लिहिलं आणि खाली सही केली.

मे महिन्यात परिषद भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा खोल्या आम्ही ऐकू न येणाऱ्या पाहुण्यांना दिल्या, कारण तिथून दरी दिसते. त्यांच्या सोबतीला ऐकू येणारं एक माणूस हवं, म्हणून टोकाची बारावी खोली मी आणि जरीनाने घेतली. बाकीचे ऐकू येणारे सगळे पहिल्या मजल्यावर.

दोन दिवसांत जरीना मला दिसेनाशी झाली. नेपाळच्या एक शिक्षिका आल्या होत्या, दिलमाया त्यांचं नाव. तिशीच्या, हसऱ्या, ऐकू अजिबात येत नसे. दोघी तासन्तास हातांनी बोलत. माझी जरीना, जिला मी सहा वर्षं हात खाली ठेवायला शिकवलं होतं, ती दोन दिवसांत दहा बोटांनी खिदळायला लागली होती. मला राग येई.

"बाई, असू द्या," सबनीस सर म्हणाले. "चार दिवसांचे पाहुणे."

"चार दिवसांत सहा वर्षांचं काम पुसून जाईल, सर."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि सगळे आपापल्या खोल्यांत गेले. जरीना दिलमायाच्या खोलीत खिडकीत बसून चित्र काढत होती. मी माझ्या खोलीत पडले होते. तेवढ्यात घंटा वाजू लागली.

पुढच्या जिन्याखालच्या कोठीत गाद्या रचून ठेवलेल्या होत्या. तिथे कोणी तरी विजेची शेगडी चालू ठेवून गेलं होतं. हे नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की घंटा वाजते आहे आणि जळकट वास येतो आहे. मागचा जिना माझ्या खोलीला लागूनच होता, मी तो स्वतः उतरून पाहिलेला. पण पायांना रोजचीच वाट ठाऊक. मी उठले आणि अनवाणी पुढच्या जिन्याकडे पळत सुटले. लांबलचक व्हरांडा होता. डाव्या हाताला दारं होती, सगळी बंद. मी त्यांच्यावरून पळाले. जिन्यात धूर नुकता कुठे भरत होता. नाकाला पदर लावून उतरले आणि मैदानात सिल्व्हर ओकच्या झाडांखाली, ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिले.

घंटा थांबत नव्हती. बाहेर तर ती जास्तच मोठी वाटत होती. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

सबनीस सर माणसं मोजत होते. "आले का सगळे? आपापल्या शेजारचा माणूस बघा हो! सोळा, सतरा... बाई, हे एवढेच कसे?"

मी रांगेकडे पाहिलं. त्या रांगेतला प्रत्येक माणूस कानांवर हात ठेवून उभा होता.

"सर," मी म्हटलं, "वरचे कोणीच नाहीत."

"कसे नाहीत? घंटा तर केव्हाची..." आणि सरांनी वर, दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

मी जिन्याकडे धावले. जगदाळ्यांनी माझा दंड धरला. जिन्यातून आता काळा लोट येत होता. मी वर पाहून जिवाच्या आकांताने ओरडले, "जरीना! जरीना!" वीस वर्षं मी ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवत होते, आणि त्या वेळी मला हाकेशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

"बाई, ते बघा," जगदाळे म्हणाले.

दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतले दिवे विझले. अकराच्या अकरा. लागले. विझले. लागले. आमचे पाहुणे दुपारीसुद्धा दिवा चालूच ठेवत. अंधारात त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. पुन्हा विझले, पुन्हा लागले, घाईघाईने, न थांबता.

एका खिडकीत डोकं दिसलं. मग दुसऱ्या. कोणाला काही समजवावं लागलं नाही. जपान असो की केनिया, ऐकू न येणाऱ्यांच्या घरात बोलवायचं असेल तर दिव्याची अशीच उघडझाप करतात, हे ते लहानपणापासून जाणत होते. मला ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेत आम्ही तेही करू देत नसू.

ते मागच्या जिन्याने आले. एकमेकांचे खांदे धरून, खोकत, डोळे चोळत. सर वरच्यांना आता वेगळं, एकपासून मोजत होते. एकोणीस. वीस. एकवीस. मग कोणीच येईना. मी मागच्या दाराशी उभी होते. आतून धूर येत होता आणि मला हाक मारायचीही सोय नव्हती.

शेवटी दिलमाया आली. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून शाल घेऊन ती झोपली होती. तिला दिवे दिसलेच नव्हते. सगळे उतरले तरी ती दिसेना, म्हणून जरीना परत तिच्या खोलीत गेली आणि तिला हलवून उठवलं. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या धुरात दिसल्या नाहीत. दिलमाया मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिच्यामागून जरीना आली, चेहरा काजळीने माखलेला, तळवे लोखंडी दांड्याने सोललेले. मी तिला मिठीत घेतलं. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली.

दवाखान्यात दिलमायाचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. ती डाव्या हाताने काही तरी सांगू पाहायची आणि अडायची. अर्धं बोलणं प्लास्टरमध्ये गेलं होतं.

जरीनाच्या तळव्यांना मलम लावताना मी तिला विचारलं, "तुला कसं कळलं?" तिने तोंडाने नाही सांगितलं. खिडकी दाखवली, खाली मैदान दाखवलं, मग दोन्ही कानांवर हात ठेवून मी कशी उभी होते ते करून दाखवलं. फेब्रुवारीतही मी तशीच उभी होते. तिच्या लक्षात होतं.

मी "हात खाली" म्हटलं नाही. पण आणखीही काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस सर माझ्याकडे आले. रात्रभर झोपले नसावेत.

"बाई, परिषदेच्या अध्यक्षा विचारत होत्या, दिव्यांची कल्पना कुणाची. मी सांगितलं, आमच्या ओगलेबाईंची. त्यांनी मुलीकडून आधीच तालीम करून घेतली होती."

"सर! अहो, पण मी तर..."

"पण काय? मुलगी तुमची, शिकवण तुमची. खोटं काय त्यात?"

"मी त्या अकरा दारांवरून पळत गेले, सर. एकावरही थाप मारली नाही."

सरांनी दार लोटून घेतलं. "थाप मारून त्यांना ऐकू आलं असतं का? हे बघा, कोणी दगावलं नाही. शाळेचं नाव राहू दे. परिषद पुढच्या वर्षी कोलंबोला आहे. आपला तक्ता नमुना म्हणून तिकडे पाठवणार आहेत. तुमच्या सहीचा."

"नववा प्रश्न?"

"त्याला 'होय' आहे ना? मग झालं."

माझ्या डोळ्यांपुढे कोलंबोतली कोणी बाई आली. माझ्यासारखीच कसोशीची. नळ सोडून, दार लावून, घंटा ऐकत उभी असलेली.

"बरं," मी म्हटलं.

हो, मुलांनो, मी "बरं" म्हटलं. वीस वर्षांची नोकरी होती, मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती, आणि तोंड बंद ठेवणं सोपं होतं.

दुपारी समारोप झाला. अध्यक्षा, उंच, पांढऱ्या केसांच्या, त्यांनाही ऐकू येत नसे. त्या हातांनी बोलत होत्या आणि शेजारी दुभाषी ते तोंडाने सांगत होता. त्यांनी माझं नाव घेतलं. सबनीस सर माइकवर आले आणि म्हणाले, "ओगलेबाईंनी ही पर्यायी व्यवस्था आधीच करून ठेवली होती." जरीना पहिल्या रांगेत बसली होती, दिलमायाच्या शेजारी. तिने सरांचे ओठ वाचले. ओठ वाचायला तिला मीच शिकवलं होतं.

माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. सभागृहातले सगळे हात वर गेले आणि पानांसारखे हलू लागले. ऐकू न येणारे लोक टाळ्या अशाच वाजवतात. दिलमाया एकच हात हलवत होती. जरीनाने आपले पट्टी बांधलेले हात मांडीखाली दाबून धरले होते.

"मी केवळ माझं काम केलं," मी माइकवर म्हटलं. "सर्वांची आभारी आहे."

मग जरीनाची कविता होती. सरांनी तिचं नाव पुकारलं आणि मी तिला हाताने बोलावलं. ती उठली. पण स्टेजकडे वळली नाही. मधल्या वाटेने ती मागे, दाराकडे चालत गेली. लोक माना वळवून पाहत होते. दाराशी बटणांची पाटी होती.

सभागृह काळोखलं. उजळलं. काळोखलं. उजळलं.

कोणी घाबरलं नाही. सगळे चेहरे शांतपणे तिच्याकडे वळले: कोणाला तरी काही सांगायचं आहे. सबनीस सर माझ्या कानाशी पुटपुटले, "बाई, आवरा तिला. ती काय बोलेल सांगता येत नाही."

मलाही तेच भय वाटलं. तिचे हात वर आले. पट्टी बांधलेले ते दोन हात साऱ्या सभेला दिसत होते. मला वाटलं, आता ती घंटा सांगणार, नळ सांगणार, अकरा दारं सांगणार.

तिने यातलं काही सांगितलं नाही. तिने सरळ माझ्याकडे बोट केलं. सगळे चेहरे माझ्याकडे फिरले. मग तेच बोट तिने स्वतःच्या ओठांवर टेकवलं, तिथून सावकाश माझ्याकडे आणलं, आणि हात खाली घेऊन, माझ्या ओठांवर नजर लावून वाट पाहत उभी राहिली.